भिंत साडेनऊ इंचांनी वाढली

तुमचा विश्वास बसणार नाही, आणि माझं त्यावाचून काही अडतही नाही. पण चार हजार वर्षांपूर्वीचं एक अख्खं नगर, दोनशे बारा घरं, तीन विहिरी, धान्याचं कोठार आणि वरची कबुतरं धरून, मी एका सकाळी जागच्या जागी खाली बसवलं. एका रांजणाला तडा गेला नाही. एक कबूतर उडालं नाही.

रविवारी सकाळी आमच्या गॅलरीत मी एवढं बोललो आणि पोस्टमास्तर हसले. हे आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. जन्मभर पत्रांवर शिक्के मारले, त्यामुळे कुठल्याही गोष्टीवर शिक्का दिसल्याशिवाय त्यांना ती खरी वाटत नाही.

"शिक्का हवा ना?" मी म्हणालो. "या दोघी बसल्यात की समोर. ही आमची, आणि ही सूनबाई. जिची गोष्ट तिच्याच देखत सांगतोय, म्हणजे पदरचं घालायला मला वाव किती, तुम्हीच बघा."

सूनबाई संत्रं सोलत होती. तिने मान वर केली नाही. आमच्या हिने मात्र स्वेटरचे टाके मोजता मोजता माझ्याकडे एकदा पाहून घेतलं.

तर मी मोजणीदार. सदतीस वर्षं जमिनी मोजल्या. साखळीने मोजल्या, टेपने मोजल्या, शेवटी शेवटी त्या तीन पायांच्या यंत्रानेही मोजल्या. भाऊ भाऊ एकमेकांच्या उरावर बसलेले असायचे आणि मी मधून टेप धरून चालायचो. मी सांगितलेल्या आकड्यावर कुणी बोट ठेवलं नाही. एकदा एका माणसाचं सबंध न्हाणीघर शेजाऱ्याच्या हद्दीत निघालं. तो बिचारा अंगाला साबण लावलेला तसाच बाहेर आला, आकडा ऐकला, म्हणाला, "मोजणीदार म्हणतायत म्हणजे असेल," आणि शेजाऱ्याची रीतसर परवानगी घेऊन अंग धुवायला परत आत गेला.

"मागच्या वेळी तो दाढी करत होता," पोस्टमास्तर म्हणाले.

"दाढी झाल्यावर माणूस आंघोळच करतो."

सांगायचा मुद्दा, आकडा म्हटला की मी. हे डोक्यात पक्कं ठेवा.

आता सूनबाईचं काम. ती व्हिडिओ गेमची चित्रं काढते. म्हणजे गेम तयार झाल्यावरची नव्हेत, व्हायच्या आधीची. घर बांधायच्या आधी नकाशा लागतो, तसं खेळातलं नगर उभं करायच्या आधी ते दिसेल कसं, हे कुणीतरी ठरवावं लागतं. भिंतीचा गिलावा कुठे सुटलाय, दाराची कडी कुठल्या बाजूला आहे, रांजणाचं तोंड किती रुंद, विहिरीच्या काठावर दोराने किती खाचा पाडल्यात, हे सगळं आधी ती काढणार. मग ऑफिसातली दुसरी माणसं त्या चित्रांवरून संगणकात ते नगर खरोखर बांधणार. त्यात खेळणारा माणूस पळतो, लपतो, गच्चीवर चढतो, मरतो आणि काहीच झालं नाही अशा थाटात पुन्हा पळायला लागतो.

पण हे काम तिला सहजासहजी मिळालं नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हा ती बटणं काढायची. खेळाच्या कोपऱ्यात असतात ना, तलवारीचं बटण, पाण्याच्या थेंबाचं बटण, थैलीचं बटण. दोन वर्षं बटणं. एका थैलीच्या तिने अकरा थैल्या केल्या होत्या, आणि शेवटी पास झाली ती पहिलीच. नोकरी म्हणून वाईट नव्हतं काही. पण काम संपल्यावर ती स्वतःसाठी वहीत घरं काढत बसायची. जुनी, मातीची, कलंडलेली घरं. ते मी बघायचो.

मग तिच्या ऑफिसातल्या मुख्य चित्रकार बाईंनी तिला एक गल्ली दिली. एकच. नदीकडून निघून बाजारात शिरणारी. गल्ली पास झाली तर तिच्यापुढचा बाजारही तिचाच. नाही झाली तर परत बटणं. मुदत सहा आठवडे.

त्या दिवशी तिने आम्हा दोघांना दोनदा नमस्कार केला. पहिल्यांदा केलेला ती आनंदात विसरून गेली होती.

चिरंजीव दवाखान्यात एक्स-रे काढतात, दिवसभर बाहेर. त्यामुळे घरात ती, मी आणि ही. बैठक नसेल तेव्हा ती घरूनच काम करते, तिचं टेबल गॅलरीच्या दाराशी. त्यावर काचेची एक मोठी पाटी, आणि त्या पाटीवर ती शाई नसलेल्या लेखणीने काढते. सुरुवातीला मला वाटायचं पोर नुसती काच पुसतेय. आधी ती पोस्टाच्या तिकिटाएवढी करडी चित्रं काढते, वीस-पंचवीस. त्यातली तीन निवडते. मग मोठं करते, मग एकावर एक थर चढवते, आणि मध्येच अख्खं चित्र आरशात दिसावं तसं उलटं करून बघते. सरळ बघून डोळा सरावतो म्हणे, उलटं केलं की चूक दिसते.

मी म्हटलं, "माणसांच्या बाबतीतही अशी सोय पाहिजे होती."

"लग्नाआधी कुणी सांगितलं नाही मला," ही आतून म्हणाली.

पहिली गल्ली परत आली. बाईंनी खाली एकच ओळ लिहिली होती: सुंदर आहे, पण इथे कुणी राहत नाही.

सूनबाई हनुवटीला हात लावून बसली. मी तिच्या खांद्यावरून पाहिलं. गल्ली कशी, तर पट्टीने आखल्यासारखी.

"अगं, हिच्यात भांडणं कुठायत?" मी म्हणालो.

"भांडणं कशी काढू, बाबा? रिकामी गल्ली आहे."

"भिंतीत काढ. दर पिढीला कुणीतरी भिंत नव्याने बांधतो आणि बांधताना वीतभर पुढे सरकतो. मग समोरचा सरकतो. कुणी ओटा काढतो, कुणी त्या ओट्यावर छप्पर टाकतो. शंभर वर्षांत गल्ली साप होते. सरळ गल्ली मी आयुष्यात एकच पाहिली, तिच्यात दोन्हीकडे एकाच माणसाची घरं होती. आणि तो एकटा होता."

तिने लेखणी उचलली.

"आणि ही पायरी मधोमध झिजवलीयस. पायरी मधोमध झिजत नाही. उतरताना ज्या बाजूला भिंतीचा आधार मिळतो, त्या बाजूला झिजते. तिथली भिंतही काळी कर, हाताच्या उंचीवर. आणि वळणावरचं घर बघ. गाड्यांची चाकं त्याच्या कोपऱ्याला घासून जाणार. ते लोक काय करतील? एक दगड पुरतील. मग बैल त्या दगडाला अडखळणार, आणि गाडीवाला रोज घरमालकाच्या नावाने शिव्या देणार. बघ, झाली राहायला सुरुवात."

तिने तो दगड काढला. त्याला चाकाचे ओरखडे काढले. मग स्वतःशीच हसली आणि दगडामागच्या भिंतीत एक छोटी खिडकी काढली, शिव्यांना उत्तर द्यायला.

पुढचे दोन आठवडे आम्ही दोघं दुपारी बाहेर पडायचो. ती कॅमेरा घेऊन, मी टेप घेऊन. मागच्या बोळातली गोदामाची भिंत, पाण्याच्या टाकीचा जिना, जुन्या छापखान्याचा दरवाजा. ती फोटो काढणार आणि घरी येऊन त्या फोटोवर चार हजार वर्षांचा गिलावा चढवणार. गोदामाचा लोखंडी पाइप पुसून तिथे ती पन्हळ काढायची, विजेच्या तारा पुसून वाळत घातलेली जाळी. खालचा सांगाडा मात्र खऱ्या भिंतीचा. त्यात गोदामाची भिंत फार कामाची होती, कारण खेळातल्या नायकाला उडी मारून तिचा काठ पकडायचा होता आणि वर चढायचं होतं. तिथे ऑफिसात एक जण फक्त उड्याच बघतो. त्याने सांगून ठेवलं होतं, नायकाचा हात दहा फुटांपर्यंत पोचतो, त्यावर एक बोटही नाही. मी टेप लावला. भिंत बरोबर दहा फूट.

आता त्यांच्या धंद्यातली एक रीत आहे. प्रत्येक चित्रात एक माणूस उभा करायचा. सजावटीला नव्हे, मापाला. नुसत्या भिंतीवरून ती किती उंच हे कसं कळणार? शेजारी माणूस उभा असला की बांधणारा त्या माणसावरून सगळं ताडतो. बाकीचे लोक तयार करडी आकृती चिकटवतात. सूनबाई म्हणाली, "बाबा, तुम्हीच उभे राहा ना. मला नेहमीच्या त्या करड्या माणसाचा कंटाळा आलाय."

मी राहिलो. कमरेवर हात ठेवून, जरा तिरका. गोदामाशी राहिलो, जिन्याशी राहिलो, छापखान्याशी राहिलो. रोज इस्त्रीचा शर्ट, आणि त्या काळी बूट कुठले म्हणून पाय मात्र अनवाणी.

घरी येऊन तिने फोटोखाली टीप लिहायला घेतली आणि विचारलं, "उंची किती लिहू, बाबा?"

"पाच फूट आठ इंच," मी म्हणालो.

आत एक भांडं जरा जोरात खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मी आपटलंच होतं," गॅलरीत बसलेली ही स्वेटरमधून म्हणाली.

आता पोस्टमास्तर, तुम्ही माझ्याकडे असं वरपासून खालपर्यंत बघू नका. ती थाप नव्हती. थाप मारायला क्षणभर विचार करावा लागतो, हे आपोआप आलं. बावीस वर्षांचा असताना नोकरीच्या अर्जावर मी तेवढी उंची लिहिली होती. तिथून ती ओळखपत्रावर गेली, तिथून विम्याच्या कागदावर, आणि कागदोपत्री मी कायमचा तेवढा झालो. घरात जाड तळाच्या चपला, बाहेर जाड तळाचे बूट. सदतीस वर्षं मी समोर येईल ते मोजलं, फक्त स्वतःला टेप लावला नाही. आणि सूनबाईला कळणार कसं? ती स्वतः पाच फुटांच्या आतली. तिच्या जागेवरून बघितलं तर सगळं जगच उंच आहे.

दुरुस्त केलेली गल्ली बाईंकडे गेली, आणि त्यांचं उत्तर आलं: आता इथे माणसं राहतात. मग ती बांधणाऱ्याकडे गेली. त्याला मी गवंडी म्हणतो. हा गवंडी असा की विटेला हात न लावता आठवड्यात गल्ली उभी करतो. त्याने केली, आणि तिच्याच मापाने भोवतीचं नगरही उभं केलं. आणि एका शुक्रवारी सूनबाई घरी आली ती चप्पल न काढताच खुर्चीवर बसली.

"काय झालं गं?" हिने विचारलं.

"नायक चढत नाहीये, आई."

"कुठे?"

"भिंतीवर. पळत येतो, उडी मारतो, हात वर करतो, भिंतीवर आपटतो आणि पडतो. मग उठतो आणि परत तेच. सगळं ऑफिस बघत होतं. मुलं हसत होती. बाई हसल्या नाहीत." तिने पाण्याचा पेला हातात धरला, पण प्यायली नाही. "भिंत दहा फूट साडेनऊ इंच झालीय. पायऱ्याही उंच झाल्यात, दारंसुद्धा. गवंडी म्हणतो, मी चित्राबरहुकूम बांधलं. उडीवाला म्हणतो, मी आधीच सांगितलं होतं. म्हणजे चूक माझीच. आणि ती सापडत नाहीये मला. मी सगळी चित्रं उलटी करूनही बघितली."

"पुढे काय म्हणतायत?" मी विचारलं.

"सोमवारी बैठक आहे. तोवर चूक दाखवता आली नाही तर गल्ली दुसऱ्या कुणाकडे जाईल. ज्याला मापं कळतात अशा कुणाकडे." मग ती माझ्याकडे वळली आणि पुढचं जे बोलली ते ऐकून मला खुर्ची टोचायला लागली. "पण एक सांगते बाबा, भिंत चुकलेली नाही. ती तुम्ही मोजलीय. सोमवारी मी उभी राहून सगळ्यांना हेच सांगणार आहे."

शनिवारी सकाळी मी एकटाच टेप घेऊन गोदामाशी गेलो. भिंत दहा फूट. दुसऱ्यांदा, दहा फूट. भिंतीवर बसलेल्या मांजराने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

मग मी तिथल्याच दगडावर बसून वर्तमानपत्राच्या कडेला हिशेब मांडला. एकशेवीस इंचांची भिंत साडेनऊ इंचांनी वाढली. दारंही त्याच प्रमाणात वाढली, पायऱ्याही. सगळं सारखं वाढलंय, म्हणजे भिंतीत दोष नाही, मापात आहे. माप कशाचं लावलं? चित्रातल्या माणसाचं. फोटोत तो माणूस भिंतीशेजारी होता तेवढाच आहे. पण खाली लिहिलेली उंची बघून गवंड्याने तो माणूस ताणला, पाच फूट आठ होईपर्यंत ताणला, आणि त्याच्याबरोबर अख्खी गल्ली ताणली गेली. मग तो माणूस मुळात होता केवढा?

बोळात कुणी नव्हतं. मी बूट काढले, भिंतीला पाठ लावली, डोक्यावर वर्तमानपत्राची घडी आडवी धरली, खडूने खूण केली आणि टेप लावला.

पाच फूट तीन इंच.

पाचावर धारण बसणे म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

घरी आलो आणि हिला एका बाजूला घेतलं. म्हटलं, "तुला काहीतरी सांगायचंय. मनाची तयारी कर. माझी उंची पाच फूट आठ नाही."

हिने भाजीची सुरी खाली ठेवली. "मग किती निघाली?"

"तीन."

"मला वाटलं दोन," ही म्हणाली. "सांगा जा तिला."

सांगायला मी गेलो. शनिवारी दोनदा गेलो, रविवारी तीनदा. एकदा ती म्हणाली, "बाबा, सोमवारी तुमची किती वर्षांची नोकरी म्हणून सांगू? छत्तीस की सदतीस?" मी म्हटलं, "सदतीस," आणि आलो परत. एकदा तर मी चक्क तोंड उघडलं आणि त्यातून बाहेर काय आलं, तर "पाऊस येईल असं वाटतंय." ती माझ्या नावाची ढाल करून लढायला निघाली होती, आणि ती ढाल पत्र्याचीही नाही हे तिला कसं सांगायचं? हसू नका पोस्टमास्तर. रागावली असती तर चाललं असतं. पण तिने यापुढे माझ्या आकड्यावर विश्वास ठेवला नसता, तर मग माझं उरतं काय?

सोमवारी ती लवकर निघून गेली. पाठमोरी जाताना तिने मला हात केला, पास होणाऱ्या मुलासारखा. आणि मग मात्र मला बसवेना. मी टेप खिशात टाकला आणि बस पकडली.

तिच्या ऑफिसच्या दाराशी पहारेकरी. विचारलं, काय काम? मी म्हटलं, "भिंतीचं." तो म्हणाला, "अखेर आलात. चौथ्या मजल्यावर संडासाच्या बाजूला ओल आलीय, महिना झाला ओरडतोय आम्ही." आणि त्याने स्वतः लिफ्टचं बटण दाबलं.

चौथ्या मजल्यावर एक लांबलचक खोली, खिडक्यांचे पडदे ओढलेले, प्रत्येकापुढे संगणकाचे दोन दोन पडदे उजळलेले. समोरच्या भिंतीवर सगळ्यांत मोठा पडदा. त्यावर आमची गल्ली. काय सांगू तुम्हाला. वळण बरोबर, कोपऱ्यावर दगड बरोबर, त्यामागे ती छोटी खिडकी. कोठारावर कबुतरं. आणि त्या सुंदर गल्लीतून एक धिप्पाड गडी पळत येत होता, भिंतीवर आपटत होता आणि पडत होता. उठत होता, कपडे झटकत होता, पळत होता, आपटत होता. मला त्याच्याविषयी फार वाईट वाटलं. त्याचा बिचाऱ्याचा दोष काय?

पडद्याजवळ सूनबाई उभी. सगळ्यांत लहान चणीची, आणि समोर निदान तीनशे माणसं.

"तीस," ही टाके मोजता मोजता म्हणाली. "मी फोटो पाहिलाय."

तीस तर तीस. सूनबाई सांगत होती, "भिंत दहा फुटांचीच आहे. ज्यांनी मोजलीय त्यांनी सदतीस वर्षं दुसरं काही केलेलं नाही. त्यांचा आकडा चुकणार नाही."

मुख्य बाईंचा चष्मा डोक्यावर चढवलेला. आवाज शांत. "तुझ्या सासऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण हा पडद्यावर पडतोय, तो मला दिसतोय. गल्ली सुरेख आहे, म्हणूनच ती अडकून पडलेली मला चालणार नाही. मापं दुरुस्त करायला मी ती..."

"भिंत बरोबर आहे," मी दारातून म्हणालो. "माणूस चुकलाय."

सगळे वळले. बाईंनी चष्मा डोळ्यांवर आणला. "हे कोण?"

"हे..." सूनबाई म्हणाली, "हे चित्रातले."

बाजूच्या पडद्यावर तिचं चित्र उघडंच होतं. त्यात गल्लीच्या भिंतीशी मी, कमरेवर हात, जरा तिरका. तीस माणसांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि एकदा माझ्याकडे. नकळत माझाही हात कमरेवर गेला होता, तो मी खाली घेतला.

मग मी बूट काढले. खिशातून टेप काढून गवंड्याच्या हातात दिला आणि दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिलो. "मोजा," मी म्हटलं.

त्याने मोजलं. "पाच तीन," तो म्हणाला. तसा भला माणूस, हळू म्हणाला. पण त्या खोलीत तेव्हा टाचणी पडली असती तरी लोकांनी तिला गप्प केलं असतं.

"मोठ्याने सांगा," मी म्हणालो. "तिने लिहिलंय पाच आठ, कारण मी तिला पाच आठ सांगितलं. तिने ते खरं धरलं. यात तिची चूक एवढीच, की सासऱ्यावर विश्वास ठेवला."

सूनबाईकडे बघायचा मला धीर होत नव्हता. मी तिच्या चपलांकडे बघत होतो.

गवंडी जागेवर जाऊन बसला. त्याने कुठेतरी अडुसष्ट इंचांचा आकडा खोडला आणि त्रेसष्ट घातला. बस, एवढंच. आणि पोस्टमास्तर, नगर खाली बसलं. गच्च्या उतरल्या, दारं उतरली, पायऱ्या पायांखाली आल्या, विहिरींचे काठ खाली झुकले. दमून आलेलं माणूस खाटेवर टेकतं ना, तसं ते नगर टेकलं. कोठारावरची कबुतरं बसल्या जागी खाली आली, त्यांना पत्ताही लागला नाही.

नायक पळत आला. मी मनात म्हटलं, ये बाबा, ये. त्याने उडी मारली, हात वर केला आणि बोटं काठावर पडली. क्षणभर लोंबकळला, मग वर गेला, आणि गच्च्यांवरून पळत दिसेनासा झाला. खोलीतल्या कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच.

बाईंनी सूनबाईकडे पाहिलं. "बाजार कधी सुरू करतेस?" एवढंच विचारलं.

परत येताना बसमध्ये आम्ही शेजारी शेजारी बसलो. मी खिडकीतून दुकानांच्या पाट्या मोजत होतो. पाचव्या थांब्याला ती म्हणाली, "बाबा."

"हं."

"त्या जाड चपला घरात नका घालू आता. संध्याकाळी टाचा दाबत बसता तुम्ही, मला दिसतं रोज." मग म्हणाली, "बाजारात मापाला तुम्हीच उभे राहायचंय. उद्या दुपारी निघू. टेप घ्या."

मी नुसती मान हलवली. टेप खिशातच होता, तो चाचपून पाहिला.

एवढं बोलून मी थांबलो. पोस्टमास्तरांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. म्हणजे गोष्ट त्यांनी खरी मानली होती, आणि ते मला जरा लागलंच. चांगली गोष्ट अशी लोकांनी मुकाट्याने खरी मानून सोडून द्यावी? म्हणून मी खुर्ची पुढे ओढली.

"पण खरी गंमत तर पुढेच आहे," मी म्हणालो. "त्या लोकांना माझा प्रामाणिकपणा इतका भावला, की त्यांनी नगराच्या मुख्य चौकात माझा पुतळा उभारलाय. काळ्या दगडाचा, बारा हात उंच. खाली कोरलंय, नगराचा पहिला मोजणीदार. लढाईला निघताना नायक आधी पुतळ्यासमोर येतो, गुडघा टेकतो, आणि मगच त्याच्या तलवारीला धार चढते. खेळणाऱ्याने नमस्कार चुकवला तर तलवार म्यानातून बाहेरच येत नाही. देशोदेशीचे लोक रोज माझ्या पाया पडतायत, पोस्टमास्तर. लाखांनी."

"काय सांगता," पोस्टमास्तर म्हणाले, आणि या खेपेला खरोखर माझ्याकडे आदराने बघायला लागले.

सूनबाईने संत्र्याची शेवटची फोड सोलून माझ्या हातात ठेवली.

"पुतळा नाहीये हो, काका," ती पोस्टमास्तरांना म्हणाली. "यांना आम्ही बाजाराच्या तोंडाशी भोपळ्यांच्या ढिगाजवळ उभं केलंय. नायकाने येऊन रस्ता विचारला की हे कमरेवर हात ठेवून, अगदी पावलं मोजून, छातीठोक सांगतात. आणि जो कुणी त्या वाटेने जातो, तो थेट नदीत पडतो. आणि बाबा, हे मी नाही सुचवलं. आईंनी सुचवलं."